दूधवाल्याचं कुत्रं आन आश्रमातले म्हातारे

म्हाताऱ्यायच्या आश्रमात मी कित्येक वर्सं दूध घातलं. जाताना क्यान भरून नेवो, येताना किस्से भरून आनो. दुधात पानी राहे, किश्श्यात नाई. बसा!

देवळीहून वर्ध्याले जाताना रस्त्यावरच हा आश्रम होता. मी सायकलीवर, मांगून माहं कुत्रं. म्हातारे कुत्र्याचीच वाट पाहत. एक दिवस मी एकटाच गेलो, त तिथला एक म्हातारा, नाना, म्हने, "दूध ठेव आन वापस जाय. कुत्र्याले पाठव!"

* * *

आश्रम पाहाले एक रिटायर गुरुजी होते. कुत्र्याले पाहुने भेत, म्हनून मले म्हनले, "फाटकावर पाटी लाव, कुत्रा चावत नाही."

माहं शिक्षन दुसरीतच थांबलेलं. हे मोठमोठे अक्षरं काढले. 'कुत्रा चावत' झालं आन पाटीच संपली!

नानाची लेक बसमधून उतरली, फाटकाबाहेरच उभी.

"भाऊ, चावत... पुढं का हाय?"

म्या म्हनलं, "पुढं जागा नाई!"

* * *

आनीबानीत नसबंदीवाल्यायची जीप दिसली का मानसं पळत. एक जीप रस्ता पुसाले फाटकापाशी थांबली, त नाना कुत्र्याले घेऊन खाटेखाली!

"नाना, या वयात तुमाले कोन नेते?"

"मले नाई बे! याले लपवून राह्यलो!"

मी हे कुठून पुसलं? मी आंधीपासूनच खाटेखाली होतो!

* * *

मंग अल्लीपूरची सगुनाआजी आली. नवरा मेला, लेकरूबाळ नाई, भाच्यानं आनून सोडलं. बोले नाई, जेवे नाई. डाक्टर म्हनले, "असंच चाललं त बाई हातची जाईन."

गुरुजी म्हनले, "तुह्या कुत्र्याले तिच्यापाशी बसव. जीव रमन."

झालो ना मी डाक्टर! "आजी, याचं नाव मोती. मोती म्हनून हाक मार, पाह्य कसा शेपटी हालवते!"

आजीनं तोंडावर पदर ओढला आन भिताडाकडं फिरली.

मले वाटलं, बहिरी हाय. मी अजून जोरात, "मो-ती! म्हन, मो-ती!" रोज तेच. नाना बी वरडे, "म्हन ना बाई, मोती!"

एक दिवस भाचा भेटाले आला. दारातूनच आयकलं आन कपाळावर हात मारला.

"अबे येड्या! माह्या मामाचं नाव मोतीराम होतं! मामीनं साऱ्या जलमात नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाई, आन तू तिले कुत्र्याले..."

 मी तसाच आजीच्या पाया पडलो. "चुकलं आजी. आजपासून याचं नाव वाघ्या."

आजीनं पदर बाजूले केला. आश्रमात आल्यावर पयल्यांदा बोलली.

"नाव कायले बदलवतं? राहू दे."

तेवढ्यात ताट आलं. आजी उठून बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला. अर्धी भाकर कुस्करून, वरन घालून, एका थाटलीत बाजूले काढली. आन दाराकडं पाहून हळूच म्हने,

"अवो, आयकलं का? या जेवाले. थंडं होऊन राह्यलं."

दारातलं कुत्रं उठलं. गेलं. पोटभर जेवलं.

मंग आजी जेवली.