मान न वाकवता

कारखान्यात त्यांना सगळे ‘वरचे साहेब’ म्हणत. साहेब कसले, क्रेन चालवायचे. पण छपराखालच्या रुळांवर धावणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये ते उभी हयात बसले, आणि खरे साहेबसुद्धा तिथून टोपीएवढेच दिसत, म्हणून थट्टेने पडलेलं नाव. ट्रकभर लोखंड ते अंडं ठेवावं तसं खाली टेकवत. त्याची किंमत मानेने मोजली. दिवसभर पुढे झुकून खाली बघता बघता मणके एकमेकांना चिकटले आणि मान एकदा धरली ती धरलीच. मागून कुणी हाक मारली की ते खांद्यांसकट, कमरेसकट अख्खेच्या अख्खे वळत.

तापट ते आधीपासूनच होते. पण शेवटच्या वर्षी फोरमनने त्यांना केबिनमधून उतरवून फाटकाजवळच्या स्टुलावर बसवलं, ‘तुमच्याच भल्यासाठी’ म्हणून. विचारलं नाही, सांगितलं. तेव्हापासून ‘भल्यासाठी’ हा शब्द कानावर पडला की त्यांचं टाळकं सटकायचं. आणि निवृत्त झाल्यावर घरात तो शब्द उठता बसता कानावर पडू लागला. बायकोने स्कूटरची चावी लपवली, भल्यासाठी. मुलीने माळ्यावर चढायची शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली, तीही भल्यासाठीच.

अशात जावयाने दुर्बीण आणली. नवशिक्यांसाठीची, तीन पायांवर उभी राहणारी. जावई खरोखर भला माणूस होता आणि हीच पंचाईत होती, कारण भल्या माणसावर धड रागावताही येत नाही. “आता निवांत वर बघा,” असं म्हणत त्याने त्याच संध्याकाळी ती गच्चीत मांडली.

डोळा लावायची जागा नळीच्या बाजूला, वरच्या टोकाशी होती. तिथे पोचायचं तर वाकून मान तिरकी करायला हवी. त्यांनी गुडघे वाकवून पाहिले, खोक्यावर चढून पाहिलं. एकदा नुसता काळोख दिसला, एकदा स्वतःचीच पापणी. आणि मागून सगळ्यांचा एकच धोशा, चंद्र दिसला का, दिसला का. शेवटी मुलीला राहवलं नाही. लहान पोराचं तोंड धुताना धरावं तसं तिने मागून त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि हळूच कलवलं.

कळ मस्तकात गेली. पण राग कळेचा नव्हता.

“हात काढ,” ते म्हणाले. “माझं डोकं माझं आहे.”

ती गडबडून काहीतरी म्हणू लागली आणि त्यात नेमका तो शब्द आला. मग मात्र त्यांच्या तोंडाला लगाम राहिला नाही. “टकल्याला कंगवा आणलात,” ते म्हणाले, “आणि वर भांग पाडायलाही बसलात.”

जावई खाली बघत राहिला. ठेवलेला चहा तसाच टाकून दोघं निघून गेली. त्यानंतर मुलीचा फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन दुर्बिणीसमोर बसले. दुरुस्तीसाठी नव्हे. ती खिळखिळी करून अडगळीत फेकायचा बेत होता. पण डोळ्याकडची नळी उपसल्यावर त्यांचा हात थांबला. चित्र तर दुर्बीणच तयार करते, मग ह्या टोकाला माणसाचाच डोळा हवा असं कुणी सांगितलं? त्यांच्या केबिनमध्ये शेवटी शेवटी एक छोटा पडदा बसवला होता. क्रेनच्या हुकाजवळचा कॅमेरा खालचा माल दाखवायचा आणि हे वर ताठ बसून तो बघायचे.

मुलीच्या जुन्या कपाटात कॉम्प्युटरचा एक बोटभर कॅमेरा धूळ खात पडला होता. त्याचं पुढचं भिंग त्यांनी काढून टाकलं. बायको फोटोच्या जुन्या रोलच्या डबीत सेफ्टी पिना ठेवायची. ती डबी उपसलेल्या नळीच्या जागी बरोब्बर बसते असं दिसल्यावर पिना बशीत गेल्या. डबीचा तळ कापून त्यांनी कॅमेरा तिथे चिकटवला. बायको कुरकुरली, पण त्यांचा चेहरा बघून पुढे बोलली नाही.

संध्याकाळी गच्चीत कॉम्प्युटर मांडला. आधी पडदा नुसता पांढरा, मग राखाडी, आणि चित्र स्पष्ट करायची चकती फिरवता फिरवता चंद्राची कड उमटली. तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. खोक्यात एक काळी नळी होती, मध्ये बसवली की सगळं मोठं दिसतं म्हणे. किती पट ते खोक्यावर एवढ्या ढळढळीत खोटेपणाने छापलं होतं की त्यांनी तो भाग आधी टराटरा फाडला. मग नळी बसवली. चंद्र मोठा झाला, पण खोटही मोठी झाली. वारा आला की चित्र थरथरे, चकतीला बोट लागलं की उडी मारी, बायको चालली तर भूकंप. हे पाय बनवणाऱ्याला ह्यांच्यावरच उभं करायला हवं, असं म्हणत त्यांनी विटांनी भरलेली पिशवी तिवईच्या मध्ये खाली लटकवली. झोका थांबेपर्यंत श्वास धरला.

आणि एक विवर सगळ्या पडद्यावर स्थिर झालं. एक काठ उजळलेला, दुसऱ्याची सावली शाईसारखी आत पडलेली, मधोमध एक सुळका. ते खुर्चीत ताठ बसून बघत राहिले. मान जिथल्या तिथे होती.

बायकोने डोकावून विचारलं, काय हो ते? ते म्हणाले, खड्डा. तिने नीट पाहिलं आणि आपल्या गल्लीतलाच दिसतो म्हणाली. ते हसले नाहीत. मुलीला फोनही तिनेच केला.

रविवारी संध्याकाळी दोघं आली. मुलगी कठड्यापाशी दूर उभी राहिली. जावई मात्र पडद्यावरचं विवर बघून हरखून गेला, आणि कौतुकाच्या भरात त्याचा हात चकतीकडे गेला.

“हात मागे,” ते म्हणाले. जावयाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“बाबा, त्या दिवशी मी मदतच करत होते,” मुलगी तिथूनच म्हणाली.

“विचारायचं होतंस.”

“तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“म्हणालो असतो. मग नाही म्हणजे नाही.”

“आणि तुम्ही?” आता तिचाही आवाज चढला. “ह्यांनी किती हौसेने आणली होती. कंगवा म्हणालात.”

ते खुर्चीवरून उठले, अख्खेच्या अख्खे जावयाकडे वळले आणि ‘ते माझं चुकलं’ म्हणाले. जावई, छे छे, राहू द्या हो, म्हणू लागला, तर त्याच्यावरच डाफरले, की मी बोलतोय ते ऐकून घ्या. मुलीची माफी त्यांनी मागितली नाही. तिनेही मागितली नाही. फोरमनवरचा राग तर तसूभरही कमी झाला नव्हता, तो पुढेही कधी झाला नाही.

मुलगी येऊन त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. पडद्यावरचा तो काळा डाग कसला, असं तिने विचारलं. माहीत नाही, ते म्हणाले. बोलता बोलता विवर कडेला सरकलं आणि पडद्याबाहेर गेलं. कुणी जागचं हललं नाही. हललं की चित्र हलतं, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. त्यांनी नळी चंद्राच्या किंचित पुढे नेऊन ठेवली, हात काढून घेतला, आणि चौघंही तो पडद्यात येण्याची वाट बघत बसले.