मागे वळून बघण्याचा आजार

आसनगाव स्टेशनाबाहेरच्या स्टँडवर मी वीस वर्षांहून जास्त काळ रिक्षा लावतो. गाडी आली की माणसं जिन्यावरून उतरतात, आम्ही "शहापूर, शहापूर" ओरडतो, सीटं भरली की निघतो. दहा-बारा मिनिटांचा रस्ता. तेवढ्या वेळात मी माणसाचं गाव, पोरंबाळं, यंदाचं भात, सगळं विचारून घ्यायचो. स्टँडवर मला रेडिओ म्हणत. बंद होत नाही म्हणून.

उंबरमाळीच्या वरच्या वाडीवरून एक म्हातारी आठवड्यातून तीनदा गाडीनं बाजाराला यायची. तिच्याकडं कधी शेवळं असायची, कधी करवंदं, कधी आवळे. डोक्यावर एक पाटी, कमरेवर एक. पाट्यांना जागा लागते म्हणून बाकीचे रिक्षावाले तिला टाळायचे. मी घ्यायचो. खरं सांगायचं तर तिच्यासारखं ऐकणारं माणूस दुसरं मिळायचं नाही. मी बोलायचो आणि मागून ती नुसतं "हां रं, हां" करायची. तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. मी आजे म्हणायचो, ती मला पोरा म्हणायची.

मे महिन्याच्या अखेरीची गोष्ट. आदल्या दिवशी माझ्या मुलीचा बारावीचा निकाल लागला होता आणि ती चांगल्या मार्कांनी पास झाली होती. सकाळी आजी आली, करवंदांच्या दोन पाट्या घेऊन. त्या दिवशी दुसरं सीट नव्हतं, तरी मी निघालो. आनंद कुणाला तरी सांगायचा होता. सगळा रस्ता मी बोलत होतो. पोरगी पुढं काय शिकणार, बायको कशी रडली, पेढे कुठून आणले. मागून "हां रं" येत होतं. मग येईनासं झालं, पण ते माझ्या लक्षात आलं नाही.

बाजारात रिक्षा थांबवली. "आजे, उतर. आला बाजार."

ती बाजूच्या दांडीला डोकं टेकून बसली होती. एक हात पाटीवर. डुलकी लागली असेल म्हणून मी तिच्या खांद्याला हात लावला. तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, वाटेतच गेली. पोलीस आले, कागद झाले, दुपारी तिचा मुलगा आला आणि तिला घेऊन गेला. तो माझ्याशी काही वाईट बोलला नाही. मीच त्याच्याकडं बघू शकलो नाही. करवंदांच्या पाट्या रिक्षात तशाच होत्या, त्या कुणीतरी उचलून त्याच्या गाडीत ठेवल्या.

दोन दिवसांनी मी पुन्हा स्टँडवर गेलो. सगळं नेहमीसारखं होतं. फक्त रिक्षा सुरू केल्यावर मला वाटलं, मागचा माणूस बरा आहे ना? म्हणून वळून पाहिलं. बरा होता. थोडं पुढं गेलो, पुन्हा पाहिलं. आरशातून बघून समाधान होईना, मान वळवूनच बघावं लागे. मग मी विचारायला लागलो, "दादा, ठीक आहात ना?" पहिल्यांदा लोक हसले. मग चिडले. एक बाई तर मध्येच उतरली. एके दिवशी मागं बघता बघता रिक्षा दुधाच्या टेम्पोवर जाता जाता वाचली. मागं बसलेल्या मास्तरांनी माझा दंड धरून सांगितलं, "अहो, पुढं बघा, नायतर आम्ही खरंच मरू."

त्या दिवशी मी रिक्षा घरी आणून लावली आणि ताडपत्री टाकली.

पुढचे तीन-चार महिने कसे गेले ते मला नीट आठवत नाही. छातीत धडधड व्हायची, हात गार पडायचे. शहापुरातल्या आमच्या डॉक्टरांनी दोनदा ईसीजीची पट्टी काढली. "घोड्यासारखं हृदय आहे तुमचं. टेन्शन घेऊ नका." मी टेन्शन घेत नव्हतो, ते येत होतं.

माझी सासुरवाडी मुरबाडकडची, म्हसाच्या अलीकडचं गाव. तिथल्या भगताकडं बायको मला घेऊन गेली. हाडकुळा, शांत म्हातारा होता. त्यानं तांदळाचे दाणे मांडून पाहिले, नारळ फोडला, अंगारा लावला. मग बायकोला म्हणाला, "म्हातारी काय याच्या मागं नाय लागलेली. तिला काय नको याच्याकडून. हाच तिला सोडत नाय." आठ दिवस मला बरं वाटलं. नंतर पुन्हा तेच.

मुलीनं मोबाईलवर शोधलं. मनाचे डॉक्टर म्हणून टाकलं की नकाशावर ठाण्यात ठिपके, कल्याणात ठिपके. आमच्याकडं नुसतं हिरवं. शेवटी कल्याणला गेलो. तिथले डॉक्टर भले होते. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "यानं धडधड कमी होईल. पण वळून बघायचं गोळीनं जाणार नाही. दर आठवड्याला कुणाजवळ तरी बसून बोलावं लागेल. तुमच्या जवळपास कुणी समुपदेशक आहे का, बघा."

मग माझं शोधणं सुरू झालं. ज्याला तालुक्यातला प्रत्येक दवाखाना, प्रत्येक वकील, प्रत्येक पिठाची गिरणी माहीत, तो मी, आणि मला हे एक दार सापडत नव्हतं. विचारायची लाज वाटायची. म्हणून मी मेडिकलवाल्यांना विचारायचो, "माझ्या मेहुण्याचं जरा डोक्याचं आहे, इथं कोणी बसतं का?" मुरबाडला एका गाळ्यावर पाटी दिसली, पण कुलूप होतं. शेजारचा चहावाला म्हणाला, "यायचे एक पूर्वी. आता नाय येत."

दिवाळीत मेहुणा घरी आला तो तणतणतच.

"दाजी, माझं डोकं फिरलंय असं बाजारात कोण सांगत फिरतंय?"

बायको आत गेली. ती हसत होती का रडत होती, ते मला आजही माहीत नाही. मी मेहुण्याला सगळं खरं सांगितलं. तो खाली बसला आणि म्हणाला, "मग घ्या की माझं नाव. पण आधी सांगायचंत तरी."

त्यानंतर मात्र मी नाव घेतलं ते स्वतःचं. शहापुरात बाजाराच्या मागं एक जुना धर्मादाय दवाखाना आहे. तिथं झाडू मारणाऱ्या मावशींना मी विचारलं, "मावशी, मला मनाचा त्रास आहे. इथं कोण बघतं?"

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "बोलायच्या बाई ना? येतात की गुरुवारी. त्या कडेच्या खोलीत. सकाळी लवकर ये, लाईन असते."

गुरुवारी गेलो. नंबर आल्यावर पडदा बाजूला केला, आणि समोर बसलेल्या बाई मला बघून उठूनच उभ्या राहिल्या.

"दादा, तुम्ही? कुठं होतात इतके दिवस? मी स्टँडवर विचारलं, सगळे म्हणाले तब्येत बरी नाही."

दोन वर्षं मी या बाईंना दर गुरुवारी आसनगावहून आणत होतो. खांद्याला काळी बॅग, हातात पाण्याची बाटली. त्या कोर्टाच्या वळणावर उतरून चालत जायच्या, म्हणून मी त्यांना वकीलच धरून चाललो होतो. दोन वर्षांत त्यांना मी भाताबद्दल विचारलं, त्यांच्या गावाकडच्या, नाशिकच्या थंडीबद्दल विचारलं, पण काम काय करता हे विचारलं नाही. वकिलाच्या नादी कशाला लागा, असं वाटायचं.

"बाई, तुमालाच शोधत होतो मी चार महिने," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं.

त्यांनी रडू दिलं. पाणीसुद्धा लगेच पुढं केलं नाही. आजी माझ्या रिक्षातच गेली, एवढंच मी कसंबसं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या आजींना तुम्ही काय सांगत होतात, ते मला सांगा. स्टेशनापासून सुरू करा. घाई नको."

आतापर्यंत सगळ्यांनी मला सांगितलं होतं, विसर. या पहिल्या, ज्यांनी सांगितलं, आठव. मी स्टेशनापासून सुरू केलं. पेढ्यांपर्यंत आलो आणि थांबलो. पुढच्या गुरुवारी हायवेपर्यंत. त्याच्या पुढच्या गुरुवारी बाजारापर्यंत. रस्ता दहा मिनिटांचा, पण मला बोलून संपवायला तीन आठवडे लागले.

मग त्यांनी घरचा अभ्यास दिला. आधी रिकामी रिक्षा चालवायची. मग बायकोला मागं बसवायचं, आणि स्टेशनापासून लाकडाच्या वखारीपर्यंत वळून बघायचं नाही, विचारायचंही नाही. बायकोनं पण बोलायचं नाही. माझ्यापेक्षा तिचीच परीक्षा जास्त. माझ्या मानेत कळ यायची, आणि मागं ती तोंडाला पदर लावून बसलेली. वखार आली की मी रिक्षा बाजूला घ्यायचो आणि ती एका दमात बोलायची, "हाय मी, हाय! जित्ती हाय! आता चहा पाजा." रोज थोडं पुढं. वखारीपासून पेट्रोल पंप, पंपापासून हायवे. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण आम्ही दोघं नुसते असे कधी फिरलो नव्हतो. त्या फेऱ्या आठवल्या की मला आजारपण आठवत नाही, रस्त्याकडेच्या टपरीवर बशीत चहा ओतून फुंकणारी बायको आठवते.

एका गुरुवारी बाईंनी विचारलं, "आजींच्या घरी गेला होतात?"

"नाय."

"जावंसं वाटतं?"

त्याच आठवड्यात आम्ही दोघं कसाऱ्याच्या गाडीनं उंबरमाळीला उतरलो. दुपारची वेळ, फलाटावर आमच्याशिवाय चौघंजण. वाडी वर होती, अर्धा तास चढ. आजीच्या मुलानं मला लगेच ओळखलं. घोंगडी टाकली, सुनेनं पाणी आणलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि शब्दच सापडेना. रेडिओ बंद.

सूनच बोलली. "आत्ती सकाळपासून छातीत दुखतंय बोलत व्हती. आमी बोललो, नको जाव. तर बोलली, उतरल्यावर तो बोलका पोरगा हाय, तो नेतो बाजारात."

"मी वळून नाय बघितलं," मी म्हणालो. "मी आपला बोलतच राहिलो."

मुलगा जमिनीकडं बघत होता. "बोलत व्हतास ना? मंग बरं झालं. एकली नाय गेली ती."

येताना सुनेनं बायकोच्या पिशवीत वालाच्या शेंगा घातल्या. उतारावर मी पुढं चालत होतो. खाली फलाटावर पोचलो तेव्हा बायको म्हणाली, "अवो, सगळा डोंगर उतरलात, एकदा पण मागं नाय बघितलंत." मला ते कळलंही नव्हतं.

रिक्षा पुन्हा सुरू झाली. एकदम नाही. पहिले काही दिवस मी एकच सीट घ्यायचो. आजही एखादं म्हातारं माणूस मागं बसलं आणि गप्प झालं की मान वळायला बघते. बाईंनी सांगून ठेवलं होतं, "ती ओढ येईल. येऊ द्या. तुम्ही ब्रेक आणि हँडल सांभाळा." त्याप्रमाणं करतो. कधी कधी वळतोही. मग स्वतःलाच हसतो.

त्या बाई आता इथं येत नाहीत. त्यांची नाशिकला बदली झाली. नवे एक सर मंगळवारी बसतात, तेही चांगले आहेत, असं ऐकतो. मला मात्र त्या जुन्या गुरुवारांची सय येते. विशेषतः पडद्याबाहेरच्या बाकाची. त्या बाकावर कोणी कुणाला काय होतंय ते विचारायचं नाही. एक पोरसवदा आई असायची, बाळाकडं न बघता बसलेली. नंतर नंतर ती त्याला मांडीवर नाचवायला लागली. आणि एक पैलवानासारखे धिप्पाड गृहस्थ असायचे, पांढरा सदरा घातलेले. ते दर वेळी भुईमुगाच्या शेंगा आणायचे आणि न बोलता सगळ्यांत वाटायचे. टरफलं खिशात घालायचे, मावशींना त्रास नको म्हणून.

मागच्या जत्रेला आम्ही सगळे म्हसाला गेलो होतो. गुरांच्या बाजारात, धुळीत, हेच गृहस्थ एका खोंडाच्या वशिंडावरून हात फिरवत उभे. आमची नजरानजर झाली. ते आले, माझा हात दोन्ही हातांत धरला.

"बरंय?"

"बरंय. तुमचं?"

"माझं पण. झोप लागते आता."

एवढंच. मग त्यांनी खोंडाचे दात दाखवले, खुरं दाखवली, घ्यावा का म्हणून मला विचारलं. मला गुरांतलं काही कळत नाही, तरी मी चारी बाजूंनी फिरून बघितला आणि म्हटलं, "घ्या. डोळा शांत आहे." त्यांना ते पटलं असावं, कारण ते मालकाशी बोलायला गेले.

बायको घोंगड्यांच्या दुकानातून हाका मारत होती. तिथं पोचलो तशी म्हणाली, "कोण हो ते?"

"गुरुवारचे आहेत," मी म्हणालो. तिनं पुढं काही विचारलं नाही. काळ्या किनारीची घोंगडी माझ्या खांद्यावर टाकून ती लांबीला पुरते का, ते बघू लागली.