दुसरी सही

साळवे सर गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही त्यांच्याच खोलीत होतो. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती आणि पटांगणाच्या कडेला असलेल्या पत्र्याच्या खोलीत विमानाची तपासणी चालली होती. विमान म्हणजे थर्माकोल, बांबूच्या कामट्या आणि रिमोटवर चालणारी छोटीशी मोटर. पंखांची लांबी माझ्या दोन्ही हातांत जेमतेम मावेल एवढी. तपासणीची सरांची एक ठरलेली पद्धत होती. एकानं वहीतून एकेका भागाचं नाव वाचायचं, डोळ्यांवर ओढणी बांधलेल्या दुसऱ्यानं तो भाग चाचपून "हात लावला" म्हणायचं, आणि दाराशी स्टुलावर बसलेले सर "बराबर" म्हणाले की पुढचं नाव. त्या दिवशी सर नव्हते. छातीत जरा दुखतंय म्हणून सकाळीच कळमनुरीला दवाखान्यात गेले होते आणि तुम्ही सुरू करा, असा निरोप त्यांनी मला धाडला होता. स्टूल रिकामं होतं. वही धरलेल्या मुलीनं वाचलं, "उजवा पंख." दुसऱ्यानं सांगितलं, "हात लावला." मग नेहमीची ती दोन श्वासांची शांतता... आणि मी म्हणाले, "हं, पुढचं वाच."

त्यानंतर पाचेक मिनिटांनी फोन वाजला. सर तासाभरापूर्वीच गेले होते. मुलांना सांगायचं काम माझ्यावर आलं, ते मी कसंबसं केलं. रडणं जरा ओसरल्यावर वही वाचणारी मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "पण म्याडम, सर तर आत्ता बराबर म्हणले ना?" नऊ मुलांपैकी सहा जणांनी ते ऐकलं होतं. मी ऐकलं नाही. मी भूगोल शिकवते. वाऱ्याला वारा म्हणते आणि भासाला भास. पण मग ‘पुढचं वाच’ असं मी कशाच्या भरवशावर म्हणाले, याचं उत्तर दोन महिने झाले तरी मला सापडलेलं नाही.

सर आमच्या सेनगाव तालुक्यातलेच. हवाई दलात विमानांची देखभाल करण्यात उभी हयात गेली, निवृत्त होऊन गावी आले, आणि एक दिवस शाळेत येऊन म्हणाले की नववी-दहावीच्या पोरांना मी विमान शिकवतो, मला फक्त एक खोली द्या. स्टाफरूममध्ये हशा पिकला. आमच्या जिल्ह्यावरून विमानं जातात, वर पांढरी रेघ ओढतात आणि दिसेनाशी होतात. आमचा आणि त्यांचा संबंध एवढाच. सगळ्यांत जास्त चेष्टा मीच केली. म्हटलं, सर, आधी सेनगावची एसटी तेवढी वेळेवर आणा. ते हसले नाहीत. एसटीचे नट बी कुणीतरी हातानंच आवळत असंल की, एवढंच म्हणाले आणि खोली झाडायला गेले. अडगळीची खोली होती ती, तुटके बाक आणि जुने नकाशे भरलेली. त्यांतला एक नकाशा त्यांनी मला परत आणून दिला, घडी घालून, धूळ पुसून. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण मी तसं दाखवलं नाही.

पहिला महिनाभर त्यांनी मुलांना विमान दाखवलंच नाही. फळ्यावर आकृती काढणं नाही, की भाषण नाही. सायकली उघडून पुन्हा जोडायला लावल्या. मग डोळे बांधून तेच. डोळा फसवतो, बोट फसत नाही, असं त्यांचं म्हणणं. धातूला गेलेला केसाएवढा तडा नखाला लागतो पण नजरेला दिसत नाही म्हणे. एकदा भर दुपारी मी त्यांना काही विचारायला म्हणून त्या खोलीकडे गेले आणि दारातच थबकले. आत आठ-नऊ मुलं डोळे बांधून उभी होती आणि त्यांचे हात टेबलावरच्या पंखावरून सरकत होते, सगळे एकाच संथ गतीनं. कुणी बोलत नव्हतं. पत्रा तापून कडकड वाजत होता. सर स्टुलावर बसले होते आणि त्यांचेही डोळे मिटलेले होते. मी आल्याचं कुणाला कळणं शक्यच नव्हतं, तरी डोळे न उघडता ते म्हणाले, "या म्याडम." मी काय विचारायला आले होते ते विसरून परत फिरले.

वाऱ्याची दिशा बघायला त्यांनी पटांगणात बांबू रोवला आणि त्याच्या टोकाला आपल्या जुन्या वर्दीच्या शर्टाची बाही बांधली. बाजारात मिळणारं कापड त्यांना पसंत पडेना. वारा सुटला की ती बाही भरायची, आत खराच दंड असावा तशी टम्म व्हायची आणि सोयाबीनच्या रानाकडे नाहीतर रस्त्याकडे हात करायची. माझे वाऱ्याचे धडे मी त्या बाहीखाली उभी राहून घ्यायला लागले. मुलांना पुस्तकापेक्षा ते पटकन समजायचं. सर गेल्यावर ती उतरवायला कुणी धजावलं नाही. वारा पडलेल्या दुपारी ती कोपरात वाकल्यासारखी लोंबते. शिपाई त्या बाजूनं झाडत नाही.

आता जे सांगायचं आहे त्याच्याकडे मी जरा वळणं घेत येते आहे, हे मला कळतंय.

विमानाच्या कामाला दोन सह्या लागतात, हा सरांचा पहिला नियम. ज्यानं काम केलं त्याची एक, आणि ज्यानं ते हातानं तपासलं त्याची दुसरी. दुसरी सही करायला त्यांनी मला गाठलं. मी म्हटलं, विज्ञानाचे सर आहेत, त्यांना सांगा, मला यातलं ओ की ठो कळत नाही. "म्हणून तर तुमी पायजे," ते म्हणाले. "जाणता माणूस बघत न्हाई, धरून चालतो. अन् पहिल्या हाताकडून चूक व्हणारच म्याडम, लेकरं हायेत. तिच्यासाठीच तर दुसरा हात ठेवलाय." मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. वर्षभर मी प्रत्येक सांधा चाचपून सही केली. बोटांना गोंद लागायचा, घरी गेल्यावर पोळ्या लाटताना त्याचा वास यायचा.

सगळ्यांत चांगला हात प्रणालीचा. दहावीतली, सरांच्याच गावची, कमी बोलणारी. शेपटीचं काम कायम तिच्याकडे. शेपटीला एक हलती पट्टी असते, ती वरखाली झाली की विमान वरखाली होतं. ती पट्टी ओढायला सायकलचा स्पोक लावलेला, त्याचं वाकवलेलं टोक पट्टीच्या भोकात अडकवायचं आणि ते निसटू नये म्हणून स्पोकवर ओवून ठेवलेला रबरी नळीचा बारीक तुकडा पुढे सरकवून त्यावर चढवायचा. एवढंच काम. सिद्धेश्वर धरणाचं पाणी ओसरल्यावर मागे जो सपाट मोकळा पट्टा उघडा पडतो, तिथं एका रविवारी विमान उडवायचं ठरलं होतं. मला चाचणीचे पेपर तपासून द्यायचे होते, आम्हाला धरणावर न्यायला आलेली जीप फाटकाशी हॉर्न वाजवत होती. खोलीत मी एकटीच होते. वहीत चौदा ओळी होत्या. मी चौदाही ओळींवर उभ्याउभ्या सही केली आणि एकाही भागाला हात लावला नाही.

विमान सुंदर उडालं. पाण्यावर जाऊन वळलं, आणि वळताना एकदम मान टाकल्यासारखं खाली झुकलं. मुलं वर बघत होती आणि ते त्यांच्याच दिशेनं येत होतं, मोटरचा आवाज वाढत गेला, पण कुणी ओरडलं नाही की कुणी हललं नाही... आजही मला सगळ्यांत जास्त ते न ओरडणंच आठवतं. बघायला आलेल्या आठवीतल्या एका मुलीच्या भुवईवर ते आदळलं. चार टाके पडले. बोटभर खाली लागलं असतं तर डोळाच गेला असता.

संध्याकाळी जीपपाशी सरांनी मला विचारलं. तुटलेली शेपटी हातात घेऊन प्रणाली शेजारीच उभी होती. रबराचा तुकडा स्पोकवर मागे सरकलेला दिसत होता.

"म्याडम, या सांध्याला हात लावला होता?"

"हो, लावला होता."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बराबर."

अपघाताचं कारण वहीत लिहिल्याशिवाय पुन्हा उड्डाण नाही, हाही त्यांचा नियम. आणि ज्याची चूक त्यानंच ती आपल्या अक्षरात लिहायची, दुसऱ्यानं त्याच्या नावावर लिहायची नाही. कारणाची ओळ कोरी राहिली. मुलांनी नवं विमान बांधलं, पण ते कधी उडालं नाही. दर शनिवारी डोळे बांधून त्याची तपासणी व्हायची, सर "बराबर, बराबर" म्हणत जायचे, आणि शेवटी विमान पुन्हा कपाटावर ठेवलं जायचं. सात महिने असं चाललं. मीही त्या खोलीत जाऊन बसत होते, सह्या करत होते, आता प्रत्येक भागाला दोनदा हात लावून. मला त्यांनी पुन्हा एका शब्दानं विचारलं नाही. प्रणालीनं मात्र खोलीत येणं बंद केलं. मुलगी दहावीत आहे, अभ्यास असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांच्या गावी गेले, तेव्हा बुद्धवंदना झाल्यावर प्रणालीच्या आईनं मला बाजूला घेतलं. पोरगी कामातून चालली म्हणाली. शाळेला निघायच्या आधी सायकलच्या एकेका नटाला हात लावते, दाराच्या कडीला लावते, गॅसच्या बटणाला लावते. लावते, दोन पावलं जाते आणि परत येऊन पुन्हा लावते. रोज शाळेला उशीर होतो.

"काहून गं असं करून राहिली म्हणलं, तर म्हणती, हात लावलेलं बी सुटतं आई."

मी जेवणाला बसू शकले नाही. चूक होते हे तिला ठाऊक होतं, सरांनी शिकवलंच होतं ते. पण माझ्या त्या एका ‘हो’नं तिला भलतंच शिकवलं होतं. आपण नळी चढवली, म्याडमनी हातानं बघितली, आणि तरीही ती सुटली, म्हणजे हाताचा काही भरवसा नाही. जी बोटं तिच्याजवळ होती, तीच मी तिच्याकडून काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन तिच्या घरी गेले. दुपारची वेळ, दार उघडं, आई शेतात. मी हाक मारणार एवढ्यात ती दिसली. घरात एकटीच फिरत होती, खिडकीचा खिळा, पंख्याचं बटण, माठाचं झाकण, पुन्हा खिडकीचा खिळा. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. कुणीतरी यादी वाचत असावं आणि ती ऐकत असावी, असं वाटत होतं. मी उंबऱ्यातच बसले आणि सगळं सांगितलं. मग तिच्यासमोर वही उघडून त्या कोऱ्या ओळीवर लिहिलं, ‘शेपटीचा सांधा. दुसरी सही हात न लावता केली. विचारल्यावर खोटं सांगितलं.’ खाली माझं नाव. तिनं ते दोनदा वाचलं. ती रडेल किंवा चिडेल, असं मला वाटलं होतं, चिडावी अशी इच्छाही होती. मी पेन पुढे केलं. कारण या ओळीवरही कोणीतरी तपासून दुसरी सही करायलाच हवी होती.

तिनं पेन घेतलं नाही. "अशी कशी सही करू म्याडम? आधी हात लावून बघते."

सोमवारी ती खोलीत आली. मोडकी शेपटी सरांनी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली होती. प्रणालीनं डोळ्यांवर ओढणी बांधली. बाकीची मुलं भिंतीला टेकून उभी राहिली. तिचं बोट स्पोकवरून पुढे गेलं, रबराच्या तुकड्याशी थांबलं, आणि नखानं तिनं त्याचं तोंड चाचपलं. ही नळी चढलीच नव्हती, ती म्हणाली. वाकड्या टोकावर एकदा चढली असती तर तिचं तोंड फाकलं असतं, हे अजून आवळ आहे. मीच विसरले होते, म्याडम.

जे तिच्या बोटाला एका क्षणात कळलं, ते सरांच्या बोटांना त्याच संध्याकाळी कळलं असणार. म्हणजे माझं ‘हो’ खोटं आहे हे माहीत असताना ते माझ्याशेजारी सात महिने बसले, मी लिहीन म्हणून वाट बघत. एका पोरीचे हाल होताना एवढा कसला नियम, असं म्हणून मला त्यांचा रागही येतो. पण तो राग कुणाला सांगू? सात महिने गप्प तर मीच होते.

प्रणाली तशीच उभी होती, हात शेपटीपासून वीतभर लांब. तो परत तिथं जाईल म्हणून मी बघत राहिले. गेला नाही. तिनं ओढणी सोडली, माझ्याकडे पेन मागितलं आणि सही केली.