शेपटीवरचा हार

इंदापूर तालुक्यातली ती घटना मी विसरलेले नाही. तुम्हा नातवंडांनाही ती माहीत असावी म्हणून लिहिते. बावड्याजवळच्या एका लग्नात नवरानवरी हेलिकॉप्टरनं आली. आमच्या ऊसपट्ट्यात हल्ली ही हौस फार. दोघांना उतरवून वैमानिक एकटाच बारामतीकडे परत निघाला. झाडांच्या जेमतेम वर गेला असेल नसेल, हेलिकॉप्टर जागच्या जागी गरगर फिरायला लागलं आणि उसात कोसळलं. वैमानिक जागीच गेला.

तिथल्या पोलीस ठाण्याची प्रमुख तेव्हा मी होते. पंचनामा चालू असताना नवरदेवाचे चुलते पुढे आले. त्यांना सगळे तात्या म्हणत. दारात नवा ट्रॅक्टर आला की त्याची पूजा करतात, तशी तात्यांनी हेलिकॉप्टरला हळदकुंकू लावून शेपटीच्या पंख्याला हार घातला होता.

"बाईसाहेब, माझ्या हारानं त्या पोराचा जीव घेतला. मला आत टाका," एवढंच ते पुन्हापुन्हा सांगत होते.

तेवढ्यात हेलिकॉप्टर कंपनीचा व्यवस्थापक आला. त्यानं हे ऐकलं आणि संध्याकाळच्या आत लेखी तक्रार दिली. यंत्र ठणठणीत होतं, हार पंख्यात अडकला, तात्यांवर गुन्हा दाखल करा. गावातही तेच पसरलं. वैमानिकाची बायको ठाण्यात आली, तेव्हा तात्या जबाबासाठी बसलेले होते. ती त्यांच्याकडे बघत नुसती उभी राहिली. तात्यांनी त्यानंतर जेवण टाकलं.

मीही त्यांच्यावर गुन्हा नोंदवायच्या बेतात होते, तोच लग्नातल्या बँडमास्तरचा फोन आला. तो सोमेश्वरनगरला दुसरं लग्न वाजवायला गेला होता आणि हाराची चर्चा त्याला तिथं कळली होती.

"मॅडम, त्यो हार तर माझ्याकडं हाय. उडायच्या आदी पायलटसाहेबांनी सोता काढला आन् माझ्या गळ्यात घातला. म्हणालं, मास्तर, आज खरं नवरदेव तुमीच."

मी त्याला हारासकट बोलावून घेतलं. हार निशिगंधाचा, सुकलेला, पण अखंड. मास्तरच्या मोबाइलमध्ये फोटोही होता. त्याच्या गळ्यात हार, शेजारी हसणारा वैमानिक आणि मागे हेलिकॉप्टरची मोकळी शेपटी.

यातलं काहीच न सांगता मी व्यवस्थापकाला जबाबासाठी बोलावलं. त्याचा अभियंताही बरोबर होता. खोटं बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये, तो आपणहून तपशील वाढवत जातो. पंख्यात अडकलेल्या पाकळ्या आपण स्वतः पाहिल्या, असं व्यवस्थापक म्हणाला. कुठल्या फुलांच्या, मी विचारलं.

"झेंडूच्या. लग्नात दुसरं काय असतं?"

मी निशिगंधाचा हार टेबलावर ठेवला. तो पाहून अभियंत्याला राहवलं नाही, त्यानं सगळं सांगून टाकलं. शेपटीचा पंखा फिरवणाऱ्या दांड्याला तडा गेला होता. हे उडवू नका, असं त्यानं व्यवस्थापकाला बजावलं होतं. एवढी लग्नसराई निघू दे, असं उत्तर मिळालं होतं. वैमानिकाला मात्र कुणी काहीच सांगितलं नव्हतं. पुढे तांत्रिक पथकाला दांडा त्याच जागी तुटलेला सापडला, आणि तडा जुनाच असल्याचं त्यांनीही सांगितलं.

मी तात्यांच्या घरी जाऊन हे सांगितलं. त्यांना हायसं वाटेल अशी माझी समजूत होती. ते ताडकन उठले.

"म्हंजी त्यास्नी म्हाईत हुतं? म्हाईत असून त्या पोराला वर धाडलं?" मग खाली बसून म्हणाले, "त्याच्या बायकूला सांगितलं का? तिला आदी सांगा, बाईसाहेब. माझं ऱ्हाऊ द्या."

अपघातानंतर जो न बोलावता येऊन दुसऱ्या कुणाला दोषी म्हणून आपल्या हवाली करतो, त्याची चौकशी आधी करावी, हे मी या प्रकरणात शिकले. मी निवृत्त झाले, खटला चालूच आहे. व्यवस्थापक जामिनावर बाहेर आहे, आणि या लग्नसराईतही त्या कंपनीची हेलिकॉप्टरं आमच्या उसावरून जातात. तो आवाज आला की माझं डोकं तापतं. ते तापत राहावं, असंच मला वाटतं.