दुकानात पळणारा लॅपटॉप

माझी मावशी घरांचे नकाशे काढते. इंजिनिअर जागेवर जाऊन मापं घेतात, कागदावर घाईघाईनं रेघोट्या मारतात आणि त्या रेघोट्यांमधून मावशी लॅपटॉपवर भिंती, दारं, जिने उभे करते. पंचवीस वर्षं हेच काम. कामात चोख, बोलायला फटकळ. कुणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी, "हे दार चुकीच्या बाजूला उघडतंय," असं यजमानांना तोंडावर सांगणार.

मावशीचे मिस्टर, म्हणजे आमचे काका, निवृत्त झाले आणि त्यांनी मावशीला मदत करायची असं ठरवलं. मावशीच्या मते तिच्या आयुष्यातला खरा त्रास तेव्हापासून सुरू झाला. सकाळी ती कपडे वाळत घालून येईपर्यंत काका लॅपटॉप सुरू करून ठेवत. मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं असलं तरी, "तू ऊठ, मी बघतो," म्हणून खुर्ची बळकावत. त्यांना तेवढंच काम होतं, म्हणून तीही काही बोलत नसे.

त्या सोमवारी ती एका दवाखान्याच्या वरच्या मजल्याचा नकाशा करायला बसली. स्ट्रेचर वळेल एवढा व्हरांडा, रुंद दारं, चढायला उतार. शुक्रवारी तो मंजुरीसाठी द्यायचा होता. तिनं एक भिंत ओढली. भिंत आली नाही. तिनं पुन्हा ओढली. मग एकदम दोन भिंती आल्या, एकीवर एक. एक पुसली तर दोन्ही गेल्या.

"फोटो फार झालेत त्यात," काका म्हणाले. "मागच्या सहलीचेच सहाशे आहेत."

"फोटोंचा काय संबंध?"

"ओझं होतं गं मशीनला."

फोटो काढून टाकले. फरक शून्य. मावशीनं मशीनचा वेग दाखवणारी खिडकी उघडली. प्रोसेसर तीन गिगाहर्ट्झच्या आसपास पळायला हवा, तिथं आकडा होता ०.३९. एका जागी खिळल्यासारखा. तिनं बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद केले, व्हायरस शोधला, वीज वाचवायची सोय काढून टाकली. आकडा ढिम्म. तेवढ्यात इंजिनिअरचा फोन.

"ताई, नकाशा कुठवर आलाय?"

"अर्धी भिंत झाली."

"चेष्टा करताय का?"

"मी नाही. हे मशीन करतंय."

मंगळवारी ती लॅपटॉप पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. समोर काच, मागे उघडी पडलेली मशीनं. दुरुस्तीवाल्यानं आपली वायर लॅपटॉपला लावली, मशीन सुरू केलं आणि तिचाच नकाशा उघडून गर्रकन फिरवून दाखवला.

"पळतंय की मॅडम!"

मावशीचा विश्वास बसेना. तिनं स्वतः चार भिंती काढल्या. चारही जिथल्या तिथे, झटक्यात. दुरुस्तीवाल्यानं तरी पंखा उघडून धुळीचा गोळा काढला, प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली. "गरम होत असणार," तो म्हणाला. ती खूश होऊन घरी आली, वायर लावली, काकांनी मशीन सुरू करून दिलं, ती बसली. ०.३९.

बुधवारी पुन्हा दुकान. पुन्हा पळालं. या वेळी त्यानं सगळी सिस्टिम पुसून नव्यानं घातली. घरी आल्यावर कळलं की मशीन जिथं होतं तिथंच आहे. मात्र मावशीनं इतक्या वर्षांत स्वतः घडवलेली दारं, खिडक्या, कठडे असा सगळा साठा गेला. नकाशे तिनं वेगळे ठेवले होते, साठा ठेवायचा राहिला होता. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! मावशी कपाळाला हात लावून बसली.

गुरुवारी सकाळी ती दुकानात तिसऱ्यांदा गेली तेव्हा दुरुस्तीवाला हसला. लपवून हसला, पण तिला दिसलं.

"मॅडम, रागावू नका. पण कधी कधी काय होतं, आपलीच सवय बदलते. वय झालं की हात..."

"माझा हात?" मावशी म्हणाली. "माझ्या हातानं एवढ्या इमारती उभ्या आहेत. त्यातली एकही कलली नाही."

दुकानात ती ताडताड बोलली खरी, पण रस्त्यात तिचा धीर सुटला. तिनं मला फोन केला. मी काही म्हणायच्या आधीच म्हणाली, "खरंच मीच मंद झाले असेन का गं? दुकानात चालतं आणि माझ्यासमोर चालत नाही, म्हणजे दोष कुणाचा?" मावशीला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "मी येते," एवढंच म्हटलं.

दुपारी मी पोचले तेव्हा मावशी दात ओठ खात बसली होती. एक दार ठेवायला तिला अकरा मिनिटं लागली होती. काका मागे उभे राहून, "हळूच दाब, जोरात दाबू नकोस," असं सांगत होते. आणि वीज गेली. पंखा थांबला, दिवे गेले. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, आणि मावशीनं इतका वेळ ओढलेल्या सगळ्या रेषा धडाधड पडद्यावर येऊन पडल्या.

ती दचकली. उतार ओढला. आला. जिना ओढला. आला. आकडा होता २.९.

"अहो, हलू नका कुणी," ती म्हणाली, जणू आमच्या हलण्यानंच सगळं बिघडत होतं. पंधरा मिनिटांत तिनं आख्खा व्हरांडा संपवला. मग वीज आली आणि आकडा धपकन खाली. मावशीनं लॅपटॉपकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि चार्जरची वायर उपटली. आकडा वर. वायर लावली. खाली. पुन्हा उपटली. वर.

"चार्जर!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारीण दार उघडून बाहेर आली.

तीन दिवस ती दुकानात फक्त लॅपटॉप नेत होती. वायर तिथं त्यांची लागत होती.

आम्ही चार्जर घेऊन दुकानात गेलो, काकाही आले. दुरुस्तीवाल्यानं पिन उजेडात धरली. आतली बारीक सुई मोडली होती. त्या सुईतून चार्जर मशीनला स्वतःची ओळख देतो, त्यानं सांगितलं. ओळख पटली नाही की मशीन बॅटरी भरत नाही आणि भीतीनं प्रोसेसरचा वेग आवळून ठेवतं. "पण मॅडम, सुरू करताना पडद्यावर तशी सूचना येते. बटण दाबल्याशिवाय पुढं जात नाही ते. तुम्हाला नाही दिसली?"

मावशी वळली. काका काचेतली मशीनं निरखायला लागले.

"अहो?"

"काहीतरी यायचं इंग्रजीत," काका म्हणाले. "रोज तेच यायचं. मी बटण दाबून पुढं जायचो. तुझा वेळ वाचावा म्हणून."

मावशीनं मोडकी पिन उचलून काकांच्या नाकासमोर धरली. दुरुस्तीवाल्यानं मान खाली घालून दुसरा चार्जर काढून दिला आणि म्हणाला, "मॅडम, ते वयाचं बोललो ते... चुकलंच माझं." "चुकलंच," मावशी म्हणाली.

घरी येताना काका चार पावलं मागे चालत होते. पिन मोडली कशी, हे मी विचारलं. त्यावर, रविवारी झाडताना टेबल सरकवलं होतं, एवढंच ते पुटपुटले.

शुक्रवारी दुपारी नकाशा गेला. संध्याकाळी इंजिनिअरचा फोन आला, आता जिना दुसऱ्या बाजूला हवा म्हणून. मावशीनं फोन ठेवला, वायर नीट लागली आहे का ते पाहिलं आणि जिना पुसायला घेतला. दारं-खिडक्यांचा साठा परत उभा करायला तिला महिनाभर लागला. रोज दोन-तीन करायची आणि प्रत्येक दाराला काकांचा उद्धार करायची. काका शेजारी बसून ऐकून घ्यायचे. मशीनला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही.