एका रेघेखालचं

पगारेबाईंच्या मुलाचा फोन आला. "मॅडम, आई गेली. सकाळीच." मी "बरं" म्हणाले. बरं काय त्यात... पण तोंडातून तेवढंच निघालं. त्याला आता महिना झाला.

पगारेबाई आणि मी एकलहऱ्याकडच्या एका शाळेत मराठी शिकवायचो. सातवीच्या एका निबंधाला बाई अख्खा आठवडा लावत. सोमवारी नुसत्या गप्पा, मंगळवारी कच्च्या वहीत खर्डा, बुधवारी वह्या कपाटात बंद. गुरुवारी आपलं आपण वाचून खोडायचं, शुक्रवारी पक्क्या वहीत उतरवायचं. खोडरबराला वर्गात बंदी. खोडायचं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मी चिडवायचे, "बाई, एवढ्यात माझं निम्मं व्याकरण संपतं." त्या म्हणायच्या, "संपू दे की. पोरं खरं तेच आधी खोडतात."

वर्गात साठ मुलं, म्हणून निम्म्या वह्या त्या मला तपासायला देत. "दोन्ही बघ गं, कच्ची पण," असं दर वेळी बजावत. 'माझे घर'च्या वेळी मी कंटाळा केला, पक्क्या तेवढ्या पाहिल्या. वैशालीच्या निबंधात बाबा खूप प्रेमळ होते. अक्षर सुरेख. मी खाली 'छान' लिहिलं. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात वैशाली बापाच्या मारानं गेली... मग बाईंनी तिची कच्ची वही उघडली. 'पप्पा आले की मी मोरीत लपते.' त्यावर एकच रेघ.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ही वही कोणी तपासली? मी तेव्हा शिक्षणसेवक होते, नोकरी कायम व्हायची होती. मी खाली बघत राहिले. बाई म्हणाल्या, "वर्ग माझा आहे, साहेब. मीच." त्यांची बदली सुरगाण्याकडे झाली. घर इथं सोडून निवृत्तीपर्यंत त्या तिकडे खोली घेऊन राहिल्या. मला कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला सोसायला सोपं गेलं असतं.

शेवटी दवाखान्यात भेटले तेव्हा त्यांनीच विषय काढला. "वैशालीचं लिहिलंस का कुठं?"

"नाही, बाई."

"कच्चं तरी लिही..." एवढं बोलून त्या कुशीवर वळल्या.

दिवसकार्यानंतर मुलानं मला एक वही दिली. आईनं सांगून ठेवलं होतं म्हणाला. वैशालीची कच्ची वही, इतकी वर्षं बाईंनी जपलेली. ती समोर ठेवून मंगळवारी मी हा लेख लिहिला. बुधवारी कपाटात ठेवला. गुरुवारी वाचताना एका वाक्यावर रेघ मारली. खालचं वाचता येत होतं. ते पुन्हा उतरवून घेते आहे: वैशालीची वही मी तपासली होती, पगारेबाईंनी नाही.