मागून येणारी लाट

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण बोट कशी चालते हे मला अंगाने कळतं. नवरा चेन्नईत फायबरच्या बोटी बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनं बसवायचा. नवी बोट समुद्रात नेऊन बघताना माणसांच्या वजनाइतकी रेतीची पोती भरतात. त्यातल्या एका पोत्याच्या जागी तो मला बसवायचा. मालक हसायचा. नवरा म्हणायचा, पोतं बोलत नाही, ही बोलते. परत आलो की विचारायचा, "काय दुखलं? दात, पोट की मान?"

सपाट बुडाची बोट दात दुखवते. धक्क्याला ती पाटासारखी स्थिर उभी असते, म्हणून लोकांना आवडते. लाटेवरून उतरली की मात्र पाण्यावर आपटते आणि दातावर दात बसतात. खोल, मध्ये निमुळत्या बुडाची बोट उभी असताना डुलते, पोट ढवळतं. पण धावायला लागली की लाट चिरत जाते. दोन बुडं जोडलेली बोट सरळ जाताना छान, आडव्या लाटेत मानेला हिसके देते. एवढं कळलं की बोट कळली, असं मी बरीच वर्षं समजत होते.

नवरा गेला. मुलगा पेरुंगुडीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करतो. गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात आलं की चेन्नईजवळच्या कोवलमला बोट ठेवायची आणि रविवारी हौशी लोकांना समुद्रात फिरवायचं. चालवणार तो स्वतः. दोन जुन्या बोटी बघून ठेवल्या होत्या, एक सपाट, एक खोल बुडाची.

"आई, चल. एक पोतं कमी पडतंय," तो म्हणाला.

"पोतं आता म्हातारं झालंय," मी म्हटलं आणि गेले.

दिवाळीच्या आधीचे दिवस. उत्तरेचा वारा सुरू झाला होता. इथले कोळी त्याला वाडै म्हणतात आणि तो लागला की जपून असतात. आधी सपाट बोट, चाकावर विकणाऱ्याचा माणूस. दहा मिनिटांत मी म्हटलं, परत फिरव, माझे उरलेसुरले दात तरी राहू देत. मग दुसरी. तिने समोरच्या लाटा अशा कापल्या की मुलगा हसायलाच लागला. मलाही बरं वाटलं. हीच घे, असं मीच म्हणाले. ते शब्द माझे आहेत.

मग आम्ही वळलो.

आता लाटा मागून येत होत्या. एका लाटेने मागची बाजू उचलली, पुढचं टोक पाण्यात घुसलं आणि बोट आडवी व्हायला लागली. माझे दात दुखले नाहीत, पोट नाही, मानही नाही. पायाखालची फळी एकदम हलकी झाली, जणू खाली काही नव्हतंच. विकणाऱ्याच्या माणसाने चाक फिरवून बोट सरळ केली.

किनाऱ्यावर उतरल्यावर मी म्हटलं, "ही पुढून जड आहे. पुढे ती छपराची खोली बांधलीय ना, ती काढायला हवी."

विकणारा म्हणाला, "पाट्टी घाबरल्या." पाट्टी म्हणजे आजी.

"घाबरले असते तर आत ओरडले असते. खोली काढ."

मुलगा म्हणाला, "आई, लोकांना सावली लागते. आणि ती चूक चाकावरच्या माणसाची होती. बोट तूच पसंत केलीस."

खरंच होतं. नवऱ्याने मला कधी चौथी जागा, पायाखालची, विचारली नव्हती. कारखान्यात आम्ही बोट समोरच्या लाटांवर नेऊन बघायचो आणि परत येताना ती खाडीच्या तोंडातून हळू आणायचो, पोती फाटू नयेत म्हणून. परत येणं कुणी तपासलंच नाही. मीसुद्धा नाही.

बोट त्याने खोलीसकट घेतली. पहिल्या रविवारी मी कोवलमला गेले. कोळ्यांच्या बोटी वाळूवर ओढून ठेवलेल्या होत्या. एकही पाण्यात नव्हती. मुलगा म्हणाला, "बरं झालं, समुद्र मोकळा आहे."

"ते का गेले नाहीत, विचारलंस?"

"रविवार आहे, आई."

"त्यांना रविवार कधीपासून लागला?"

आठ माणसं घेऊन तो गेला. जाताना बोट देखणी दिसत होती. शेजारी मासे विकणारी बाई म्हणाली, नल्ला बोट, चांगली आहे. लांबवर तो वळला. पहिल्या दोन लाटा नीट गेल्या. तिसरीने मागची बाजू उचलली आणि मला बोटीची सबंध कूस दिसली, वरपासून बुडापर्यंत. मासेवाली उठून उभी राहिली. पाणी आत गेलं. मग बोट हळूहळू सरळ झाली.

आठही माणसं ओलीचिंब उतरली, हसत. एका मुलीच्या कपाळाला खोक पडली होती आणि तीही हसत होती. सगळ्यांनी फोनवर चित्रण केलं होतं आणि ते एकमेकांना दाखवत होते. असं पुन्हा करणार का, म्हणून एकाने विचारलं.

मी मुलाला चहाच्या टपरीवर बसवलं. "खोली काढल्याशिवाय जायचं नाही," मी म्हटलं.

"लोकांना आवडलं, आई. बघितलंस ना? पुढच्या रविवारी नऊजण आहेत."

तो हसत होता. पण चहाचा ग्लास त्याला तोंडापर्यंत नेता येईना. दोनदा उचलला, दोनदा चहा मनगटावर सांडला. मग त्याने ग्लास बाकावर ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.